मांजर म्हणजे धाकटा बैल नव्हे

श्रावणी अमावास्येला, म्हणजे पोळ्याला, पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींत बैलाची जी बडदास्त राखली जाते, ती पाहून एखाद्या सेवानिवृत्त तहसीलदारालाही आपण उगाच मनुष्यजन्मास आलो असे वाटावे. आदल्या सायंकाळी हळद-तुपाने खांद शेकायची, सकाळी नदीवर नेऊन घासून-पुसून न्हाऊ घालायचे, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरांची माळ, पाठीवर झूल, आणि एवढे झाल्यावर घरधनिणीने पाय धुऊन पुरणपोळीचा घास भरवायचा, असा हा सोहळा असतो. आणि न्हाऊ घालताना कानाच्या मुळाशी, गळ्याच्या पोळीखाली व शेपटीच्या बुडाशी बोटे घालून गोचिडी वेचण्याचे काम, एरवी आळसासाठी पंचक्रोशीत नामांकित असलेला गडीदेखील ज्या तल्लीनतेने करतो, ती पाहिल्यावर या मुलखास परोपजीवी जंतूंचे ज्ञान नाही असे म्हणण्यास कोणी धजणार नाही. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार, म्हणजे दगडफेकीची लढत, जुंपते, तेव्हा तर पोलीस, दवाखाना आणि बघे मिळून सारा मुलूखच नदीकाठी लोटलेला असतो. या दोन दिवसांत मांजराकडे पाहण्यास कोणासही सवड नसते. आणि नेमक्या याच दिवसांत, पावसाची ओल व भाद्रपदाचा उकाडा यांचा संयोग होऊन, पिसवांचा हंगाम भरात आलेला असतो.

मांजराची ही उपेक्षा केवळ पांढुर्ण्यापुरती आहे असेही नाही. तिला सरकारी मान्यता आहे. 2019 साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत भारत सरकारने गायी मोजल्या, म्हशी मोजल्या, ज्याचे दर्शन आमच्या इकडे कोणास घडलेले नाही तो मिथुन मोजला, याक मोजला, ससा मोजला, एवढेच नव्हे तर हत्तीही मोजला. परंतु मांजरासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, नवे शिक्के आले. तथापि कोणत्याही खसऱ्यात, कोणत्याही पटवाऱ्याच्या बस्त्यात आमच्या गल्लीतील मनीची नोंद आजतागायत झालेली नाही. सरकारी दप्तराने मांजराची दखल घेतल्याचे जे उदाहरण आम्हांस अभिमानाने सांगता येते, ते वरुडच्या वाटेने पलीकडे असलेल्या अमरावतीचे आहे. प्लेगने हा सारा प्रदेश पोळून निघत असताना तेथील सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन यांनी खेड्यापाड्यांतून मांजरांची मोजदाद करविली, आणि जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेगचा उपद्रव कमी, असा निष्कर्ष काढून 1908 साली तो विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही केला. प्लेगचे जंतू उंदरांच्या पिसवांवाटे पसरतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत 1898 साली दाखवून दिले होते. तेव्हा उंदीर खाणाऱ्या प्राण्यास सरकारी आश्रय मिळावा हे ओघानेच आले. मांजराच्या स्वतःच्या पिसवांचे प्रकरण मात्र वेगळे. ती जात निराळी. तिचे नाव टेनोसेफॅलिडिस फेलिस. आणि आमच्या या लेखातील मुख्य आरोपी तीच आहे.

गल्लीतील मांजराची मालकी हा दिवाणी स्वरूपाचा अत्यंत गुंतागुंतीचा प्रश्न आहे. दूध ती एका घरी पिते, मासळी दुसऱ्या घरी खाते, विते तिसऱ्या घरच्या कापसाच्या ढिगावर, आणि दुपारची झोप चौथ्या घरच्या गोधडीवर घेते. घरात उंदीर मारला की ती प्रत्येकाचीच असते. दुधाचे भांडे उपडे झाले की ती शेजाऱ्याची होते. आणि ज्या दिवशी ती चौकात बसून मागच्या पायाने मान खरवडू लागते, त्या दिवशी तिची सामाईक वहिवाट एकाएकी संपुष्टात येऊन ती संपूर्णपणे बेवारस ठरते. मात्र मालकी सोडली तरी सल्ला देण्याचा हक्क कोणीही सोडीत नाही.

“मांजरीले का झालं जी?” असा प्रश्न कोणी विचारला, की पहिले उत्तर समोरच्या ओट्यावरून येते: “काही नाही जी, मातीचं तेल चोळा, एका दमात सारं साफ.” दुसरे उत्तर कृषी केंद्राकडून: बैलाच्या गोचिडीवर जे औषध बादलीभर पाण्यात मिसळून फवारतात, त्याचेच झाकणभर पाणी मांजराला पुरे. तिसरे, तंबाखूचा काढा. चौथे, पाण्यात पडताच दुधासारखे पांढरे होणारे ते घराघरांतील जंतुनाशक. पाचवे, कापूर खोबरेल तेलात कालवून. आणि सहावे उत्तर तर या मातीचे खास वैभव: संत्र्याची साल. ज्या मुलखात आंबिया आणि मृग या दोन बहारांच्या भरवशावर मुलींची लग्ने ठरतात, तेथे संत्र्याच्या सालीने बऱ्या न होणाऱ्या व्याधीचे अस्तित्व मान्य करणे हा स्थानिक द्रोहच होय. “अवं काकू, साल घासा ना तिच्या अंगाले, पिसा पयतात,” असे एखाद्या बागायतदाराने सांगितले, म्हणजे त्यावर अपील नसते.

आता यातील विलक्षण गोष्ट अशी, की सल्लागारांपैकी बहुतेकांचे म्हणणे अर्धे खरे असते. तंबाखूतील निकोटीन कीटकांस मारते, हे खरे. संत्र्याच्या सालीतील तेलात लिमोनीन नावाचे जे द्रव्य असते त्याने पिसवा मरतात, हेही शास्त्राला मान्य आहे. कृषी केंद्रातील सायपरमेथ्रिनने तर काय, बैलाची गोचीडही गळून पडते. उरलेले अर्धे सत्य एवढेच, की पिसवांच्या पाठोपाठ मांजरही जाण्याचा संभव असतो. अनेक विषारी द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ती लघवीवाटे बाहेर घालविण्याची जी व्यवस्था माणसाच्या, बैलाच्या आणि कुत्र्याच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फारच तोकडी आहे. त्याचे कारणही मांजराच्या कुलवृत्तांतात सापडते. ज्या प्राण्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या मांसावाचून दुसरे काही तोंडात घेतले नाही, त्यांना वनस्पतींतील कडू-तिखट रसायने पचविण्याचे प्रयोजनच पडले नाही, आणि मग ते खातेच हळूहळू बंद पडत गेले. त्यामुळे कुत्र्याच्या मानेवर निर्धास्तपणे टाकण्याचे पर्मेथ्रिनचे थेंब मांजराला लावले, तर काही तासांत अंग थरथरू लागते, तोंडातून लाळ गळते, झटके येतात, आणि पुष्कळदा त्यातच तिचा शेवट होतो. फिनॉलच्या कुळातील जंतुनाशके, कापूर, गुरांच्या गोचिडीवरचे अमिट्राझ आणि डांबराच्या गोळ्या यांचीही गणना याच यादीत करावी. कोणी गुरांच्या आयव्हरमेक्टिनची बाटली दाखवून “हेच टोचू का जी?” असे विचारील, तर त्यास एवढेच सांगावे, की चारशे किलोच्या बैलासाठी भरलेल्या बाटलीतून तीन किलोच्या मांजराची मात्रा काढण्यास जे गणित लागते, ते रागावलेल्या मांजराला बगलेत दाबून करण्याजोगे नव्हे.

त्यातून मांजराची जीभ हे एक वेगळेच प्रकरण आहे. बैलाच्या पाठीवर लावलेले औषध पाठीवरच राहते, कारण आपली संपूर्ण पाठ चाटण्याची महत्त्वाकांक्षा बैलाने कधी बाळगलेली नाही. मांजर मात्र जागेपणीचा फार मोठा भाग स्वतःस चाटण्यात घालविते. तेव्हा तिच्या अंगास जे लावले ते तासाभरात तिच्या पोटात पोचले असे समजावे. रॉकेल चोळणारे गृहस्थ, वस्तुतः, मांजराला रॉकेल पाजीत असतात. फक्त ते काम ते तिच्याच जिभेकडून करवून घेतात.

म्हणून उपायापूर्वी पंचनामा करावा, असे माझे नम्र मत आहे. चोर कोण हे ठरण्याआधी शिक्षा देण्याचा शिरस्ता कोणत्याही फौजदारी अमलात नसतो, मग तो मांजराच्या अंगावरच का असावा? या कामी लागणारा सरंजाम अल्प आहे: एक पांढरा कागद, थोडे पाणी, आणि लिखा काढण्याची ती बारीक दातांची फणी, जी शाळकरी मुलगी असलेल्या प्रत्येक मराठी घरात असते, मात्र ती मांजरासाठी वेगळी ठेवावी, नाहीतर एका तपासातून दुसरे प्रकरण उद्‌भवेल.

पिसू स्वतः क्वचितच हाती लागते. दोन-अडीच मिलिमीटरची, तपकिरी, बिनपंखी आणि दोन्ही बाजूंनी चपटी असलेली ही बाई केसांच्या दाटीतून सरळ निसटून जाते. परंतु जाताना आपला ऐवज मागे ठेवते. शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर फणी फिरवून जे काळे कण निघतील ते कागदावर झटकावे आणि त्यांवर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. माती असेल तर मातीच राहते. कणाभोवती तांबूस वलय उमटले, तर ते पिसूच्या विष्ठेतील पचलेले रक्त आहे असे समजावे. पुष्कळ गृहस्थ “मी पाहिलं, पिसू नाहीच” असे छातीठोकपणे सांगतात, आणि तेही खोटे बोलत नाहीत. कारण मांजर आपल्या पिसवा आपणच चाटून गिळत असते. ज्या मांजरांच्या गळ्यात मोठी कॉलर अडकवून त्यांच्या जिभेस मज्जाव करण्यात आला, त्यांच्या अंगावर मोकळ्या मांजरांच्या दुप्पट पिसवा सापडल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. काही मांजरांना तर पिसूच्या लाळेचेच वावडे असते. मोजक्या दंशांनीही त्यांच्या पाठीवर व मानेवर बारीक खपल्या धरतात, पोटाचे केस चाटून-चाटून नाहीसे होतात, आणि आरोपी मात्र केव्हाच पोटात गेलेला असतो. गिळलेल्या पिसूतून पट्टकृमीचे बीजही आत जाते, आणि मग शेपटीखाली पांढरे, चपटे, वळवळणारे तुकडे दिसू लागतात.

गोचीड ओळखण्यास पोळा साजरा करणाऱ्या माणसास कोणी शिकवावयास नको. कानाच्या कडेला, मानेवर वा बोटांच्या बेचक्यांत ती सापडली, तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. उदबत्तीचा चटका देऊ नये, आणि बोटांनी चिरडण्याचा पराक्रमही करू नये. ऊ हे कायम कूळ होय. ती जन्मते, नांदते आणि मरते मांजराच्याच अंगावर, आणि तिची लीख केसाला इतकी घट्ट चिकटलेली असते, की झटकून ती पडत नाही. या प्रकरणी मांजराची बाजू मांडणे न्यायाचे आहे: मांजराची ऊ मुलांच्या डोक्यात जात नाही. मुलाच्या डोक्यातील ऊ वर्गातल्या शेजाऱ्याकडून आलेली असते, आणि तिचा आळ पिढ्यान्‌पिढ्या मनीवर घेतला जातो.

कान फडफडवीत डोके झाडणाऱ्या मांजराच्या कानात डोकवावे. आत गडद तपकिरी, कोरडा भुगा साचलेला दिसला, तर ते ओटोडेक्टिस या सूक्ष्म किडीचे ठाणे समजावे. भिंगाखाली तो पांढरा ठिपका चालतानाही दिसतो. तेथे काडीने उकरण्याचा मोह आवरावा, कारण कानाचा पडदा काडीहून नाजूक असतो. कानाच्या कडांवर प्रथम, आणि मग कपाळावर व मानेवर करड्या, जाड खपल्या चढून मांजर अकाली वृद्ध दिसू लागले, तर ती नोटोएड्रिसची खरूज; ही माणसासही तात्पुरती खाज देते, म्हणून अशा मांजराला कुशीत घेऊन सांत्वन करणे पुढे ढकलावे. पाठीवरचा कोंडा निरखून पाहता पाहता हलू लागला, तर स्वतःच्या चष्म्यावर अविश्वास दाखवू नये. चेलेटिएला नावाची कीड तो कोंडा खांद्यावर वाहून नेत असते. आणि केस गळून गोल चट्टा पडला असेल, तर तो बहुधा गजकर्ण. ही बुरशी आहे, कीटक नव्हे, आणि मुलांना ती सहज लागते. या साऱ्यांची लक्षणे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात, म्हणून खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम शेवटी पशुवैद्याचेच.

एवढे झाल्यावर गृहस्थ समजतो की प्रकरण मांजराच्या अंगावरचे आहे. आणि येथेच त्याचा सर्वांत मोठा बुद्धिभ्रंश होतो. पिसवांच्या एकूण वस्तीपैकी अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा शेकडा पाचच्या आसपास; बाकीची पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपाने गृहस्थाच्याच घरात सुखाने नांदत असतात. एक मादी दिवसाकाठी चाळीस-पन्नास अंडी घालते. ती अंडी केसांवरून घरंगळून गोधडीत, पोत्यात, सोफ्याच्या फटीत आणि फरशीच्या सांध्यात जाऊन बसतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड चुकवितात आणि आईबापांची वाळलेली विष्ठा खाऊन वाढतात, असा या घराण्याचा काटकसरी प्रपंच आहे. त्यानंतर कोशात शिरलेली पिसू महिनोन्‌महिने स्वस्थ बसून राहू शकते, आणि पावलांचा कंप, अंगाची ऊब किंवा श्वासातला वायू जाणवताच बाहेर पडते. उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंब महिनाभर नागपूरला जाऊन येते, कुलूप उघडून पहिले पाऊल आत टाकते, आणि घोट्यापर्यंतचे पाय लाल होतात, तेव्हा “मांजर तर इतक्या दिवसांत फिरकलंही नाही!” असे आश्चर्य व्यक्त केले जाते. मांजर फिरकले नाही म्हणूनच ती मंडळी एवढी भुकेली होती.

या पंचाण्णवांना हद्दपार करण्याचे हत्यार सुदैवाने आमच्या जिल्ह्यात विनामूल्य उपलब्ध आहे. अळ्यांना कोरडी उष्णता सोसत नाही. आणि कोरडी उष्णता ही वस्तू वैशाखात पांढुर्ण्याइतकी मुबलक इतरत्र क्वचितच मिळेल. मांजर ज्या गोधडीवर निजते ती गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घालावी, पोती उलटी करावीत, फटीफटींतून झाडू फिरवून तो केर घराबाहेर दूर टाकावा, आणि हे एकदा करून थांबू नये. कारण कोशातील मंडळी पुढच्या पंधरवड्यात हजर होणारच असतात.

मांजराच्या अंगावरच्या पाचांसाठी औषधेही आहेत, आणि ती सांगण्यास जितकी सोपी तितकी लावण्यास कठीण आहेत. मांजरांसाठी म्हणून तयार केलेले सेलामेक्टिनचे थेंब पिसवांवर, कानातील किडीवर आणि खरजेवर चालतात. फिप्रोनिलचे पिसवा, उवा आणि गोचिडींवर. मात्रा वजनावर आणि वयावर ठरते, ती पशुवैद्याने ठरवावी. थेंब मानेच्या मागे, केस दुभागून थेट त्वचेवर सोडावेत, कारण स्वतःच्या शरीरावर मांजराची जीभ जेथे पोचत नाही अशी तेवढीच काय ती जागा आहे. महिन्याच्या अंतराने किमान तीन वेळा, आणि गल्लीतील सर्व मांजरांना एकाच सुमारास; एकीला लावून दुसरीला सोडणे म्हणजे एका मोहल्ल्यात जप्ती आणून दुसऱ्यात माफी देणे होय. आता फिरस्त्या मांजराला पकडायचे कसे? चार माणसे, एक टॉवेल आणि दरडावणीचा सूर, असा बेत जेथे होतो तेथे थेंब हमखास माणसाच्या मनगटावर पडतो. ती ताटलीत तोंड घालून खात असताना एकट्याने, मुकाट्याने, मागून जाऊन काम उरकावे, आणि उरकल्यावर त्याची जाहिरात करू नये. लहान पिल्लांना मात्र बहुतेक औषधे वर्ज्य. त्यांच्या पिसवा फणीने काढून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात, आणि हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या तर एक दिवसही दवडू नये, कारण एवढ्याशा जिवातील रक्त पिसवा सहज संपवितात.

पशुवैद्याकडे मांजर नेणे हा आमच्याकडे अजूनही किंचित हास्यास्पद समजला जाणारा प्रकार आहे. म्हैस नेली तर लोक वाट देतात; टोपलीत मांजर नेले तर लोक थांबून चौकशी करतात. 1956 साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला, त्यामुळे पशुवैद्यकाच्या बाबतीत आमचे कायदेशीर तोंड जबलपूरकडे, जेथील महाविद्यालय 1948 चे, आणि आगगाडीचे तोंड नागपूरकडे, जेथील 1958 चे. परंतु दोन्हीकडे तोंड असल्याचा लाभ घेऊन कोणी मांजर कोठेही नेले, असे फारसे ऐकिवात नाही. वस्तुतः तालुक्याच्या सरकारी पशुचिकित्सालयातही मांजराची विचारपूस होते, आणि 1962 हा क्रमांक फिरविला तर फिरत्या पशुचिकित्सेची गाडीही बोलावता येते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की बैलाविषयीचे आपले ज्ञान पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आणि म्हणून आदरणीय आहे. त्याचा दोष एकच, की आपण ते शिंगे नसलेल्या प्राण्यांसही जसेच्या तसे लागू करतो. तेव्हा या भाद्रपदात शेजारची मनी अंग खाजवू लागली, तर वाचकांनी ओट्यावरून उपाय सुचविण्याऐवजी कागद, पाणी आणि फणी पुढे करावी. आणि कोणतीही बाटली उघडण्यापूर्वी तीवर ‘मांजरांसाठी’ असे छापलेले आहे की नाही, एवढे मात्र चष्मा लावून वाचावे. छापलेले नसेल, तर बाटली परत फळीवर ठेवावी.